पाकाचा वास

मार्च महिना होता. लोविनाच्या अंगणात मेपलच्या झाडांच्या गोड रसाचा पाक उकळत होता, घरातल्या पडद्यांनासुद्धा त्याचा वास लागला होता, आणि नेमकी तेव्हाच सून बाळंत झाली.

त्यांच्या मेनोनाइट या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या घराण्यांत एक दुखणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. बाळाला दूध पचत नाही, त्याच्या कानाला पाकासारखा वास येतो, आणि आठवड्याभरात बाळ हातचं जातं. लोविनाचा पहिला मुलगा असाच गेला होता. म्हणून नातवाचा कान आजीनं हुंगायचा, अशी तिथली रीत.

लोविनानं दुसऱ्या दिवशी सकाळी तीनदा हुंगला आणि ती चिडली. "सगळं घरच गोड वासाचं! या मेल्या नाकाला काय कळणार?"

"नाक राहू द्या, आजी," सुईण एदना म्हणाली. तिनं बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतले. "याला अंगणातला पाक फसवत नाही."

कागद घेऊन ती दवाखान्यात गेली. संध्याकाळी परतली तेव्हा तिच्या हातात औषधी दुधाचा डबा होता. तो बघताच लोविनाला निकाल कळला आणि ती बाळाशेजारी बसून रडू लागली.

"रडू नका. वेळेत सापडलंय. या दुधावर वाढेल, शाळेत जाईल, तुम्हाला उलट बोलेल. फक्त मांस, अंडी, चीज कधीच नाही."

"मग त्यानं खायचं तरी काय?"

"फळं, भाज्या, मोजूनमापून." एदना हसली. "आणि तुमचा पाक. तो मात्र हवा तेवढा."

लोविना डोळे पुसत उठली आणि खिडकीतून नवऱ्यावर ओरडली, "अहो, यंदा पाकाचं एक पिंप राखून ठेवा, विकायचं नाही! त्याचा मालक आलाय."