टॉमीची फेरी

वस्तादाने मागच्या आतल्या चाकावर टॉमी मारली आणि आवाज भद्द आला.

त्याने पुन्हा मारली. भद्दच. शेजारच्या बाहेरच्या चाकावर मारली तर टण्णकन वाजून टॉमी हातात उसळली. म्हणजे जोडीतलं बाहेरचं चाक कडक आणि आतलं बसलेलं. बावीस वर्षं तो रोज सकाळी ही लोखंडी कांब घेऊन गाडीभोवती फिरत आला होता. चाकात हवा किती हे त्याला कानाने कळायचं. फरशांनी भरलेली गाडी, आणि त्या बाजूचा सगळा भार आता एकट्या बाहेरच्या टायरवर. तापणार आणि फुटणार. तासाने नाही तर दोन तासांनी.

गाडी मात्र त्याची नव्हती, मेव्हण्याची होती. महिन्यापूर्वीच आलेली, कोरी करकरीत, केबिनमध्ये अजून नव्या रंगाचा वास. मेव्हणा वर मालावर ताडपत्री बांधत होता. तिथूनच ओरडला,

"भाऊजी, झाली का फेरी?"

वस्तादाने टॉमी काखेत मारली.

"चल, चल. उशीर होतोय."

खोटं काही बोललो नाही, असं त्याने स्वतःला तिथल्या तिथे बजावलं. सगळं ठीक आहे, असं कुठे म्हणालो? शिवाय नव्या गाडीत तो टीव्हीसारखा भलामोठा पडदा आहे ना, ज्यात म्हणे सगळं दिसतं? दाखवू दे की त्यालाच. मग तो इकडेतिकडे न बघता तडक आपल्या जुन्या गाडीकडे गेला आणि चढून बसला.

त्यांच्या यार्डात टॉमीची एक रीत होती. एका गाडीभोवती एकानेच फेरी मारायची. ज्याने मारली, त्याचा शब्द शेवटचा. त्याच्यामागून दुसऱ्याने टॉमी फिरवली तर तो पहिल्याचा अपमान. एकदा अशाच कारणावरून दोन ड्रायव्हर वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते. मेव्हणा शिकाऊ होता तेव्हापासून, म्हणजे सात वर्षं, दोन्ही गाड्यांची फेरी वस्तादच मारत होता. शिष्याने माल बघायचा, गुरूने चाकं बघायची. गाडी बदलली म्हणून ते काही बदललं नव्हतं.

बदललं होतं ते वस्तादाच्या पोटात. नवी गाडी येणार हे कळलं तेव्हापासून ती आपलीच, असं तो धरून चालला होता. धरून चालायला काय हरकत होती? यार्डात सगळ्यांत जुना तो. निम्मे ड्रायव्हर त्याच्या हाताखाली तयार झालेले. गाडी आली तेव्हा मालकांनी सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते म्हणाले, "वस्ताद, तुमची म्हातारी तुमच्याशिवाय कुणाचं ऐकायची नाही. नवीला ही तरुण पोरं बरी." आणि किल्ली मेव्हण्याला द्यायला लावली, तीही वस्तादाच्याच हाताने. वस्ताद हसला. सगळे हसत होते, मग हा काय रडणार? पण त्या दिवसापासून त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

घरी तर कहरच. बायकोने चार दिवस शिलाई मशीन बडवून भावाच्या सीटसाठी निळं कव्हर शिवलं, कडेला पांढरी पट्टी लावून. बावीस वर्षं आपण घडी घातलेल्या पोत्यावर बसतोय, तेव्हा हिला मशीन आठवलं नाही! तसं तो बोललाही.

"तुम्ही कधी मागितलंत?" बायको म्हणाली. दोरा दाताने तोडत म्हणाली, मान वर न करता.



यार्डाबाहेर पडून दोन्ही गाड्या हायवेला लागल्या. पुढे नवी, मागे म्हातारी. वस्तादाची नजर पुढच्या गाडीच्या त्या चाकावरून हलेना. लांबून काहीच कळत नव्हतं; जोडचाक बाहेरून धडधाकट दिसतं. फार काही व्हावं अशी त्याची इच्छा नव्हती, देवाशपथ नव्हती. चहाला थांबल्यावर टायर बसलेला दिसावा, चारचौघांत थोडी फजिती व्हावी, मालकांना कळावं की नुसती तरुण नजर असून भागत नाही. एवढंच. पोरगं आपलंच तर होतं. गिअर बदलताना खर्रकन आवाज झाला की याच हाताने त्याच्या टाळक्यात टपली मारलेली.

हॉर्नवर त्याचा हात दोनदा गेला. दोनदा दिवे उघडझाप केले असते तरी मेव्हणा लगेच बाजूला थांबला असता, भाऊजींनी का बोलावलं म्हणून धावत आला असता. दुसऱ्या वेळी तर हात हॉर्नवर टेकलाही होता. पण नेमका तेव्हाच चढ लागला. म्हातारी धापा टाकायला लागली, वस्तादाने एक गिअर खाली घेतला, आणखी एक घेतला, आणि नवी मात्र काही विशेष नसल्यासारखी सरळ वर निघून गेली. जा, म्हणाला वस्ताद. जा की! त्याने हॉर्नवरचा हात काढून घेतला.

टायर फुटला तो उतारावर.

धडाड असा आवाज झाला आणि रबराचे तुकडे उडाले. एक लांब पट्टा येऊन वस्तादाच्या काचेवर आदळला. पुढच्या गाडीचं बूड एका बाजूला खचलं आणि ती शेजारच्या लेनमध्ये ओढली गेली. तिथे एक छोटी पांढरी मोटार होती. मागच्या काचेतून एक लहान मुलगी बाहेर बघत होती.

"ब्रेक मारू नको!" वस्ताद आपल्या केबिनमध्ये एकटाच किंचाळला. "ब्रेक मारू नको रे!"

मेव्हण्याने ब्रेक मारला नाही. मोटार कशीबशी पुढे सटकली. गाडी एकदा डोलली, पुन्हा डोलली, मग हळूहळू सरळ झाली आणि वेग उतरत उतरत कडेला जाऊन थांबली. दोन्ही हात घट्ट, पाय उचललेला, घाई नाही. सात वर्षांपूर्वी रिकाम्या मैदानात शिकवलं होतं तसं, तंतोतंत. पण तेवढ्यातही वस्तादाच्या मनात एक विचार सापासारखा शिरलाच: आपल्याला इतक्या सफाईने जमलं असतं का? असल्या वेळीही हे सुचावं याची त्याला किळस आली.

मागे गाडी लावून तो उतरला. पुढे धावला नाही. आधी आपल्या गाडीची स्टेपनी सोडवली आणि ते जादा चाक रस्त्याच्या कडेने लोटत लोटत निघाला. मेव्हणा खाली उतरून उभा होता. दोन्ही हात त्याने काखेत दाबून धरले होते.

"लागलं का कुठे?"

"नाही. ती मोटार... भाऊजी, त्यात पोरगी होती."

"गेले ते नीट. मी बघितलं." वस्तादाने चाक आडवं पाडलं. "तुझी स्टेपनी काढ. ही पण घे. दोन लागतील."

मेव्हण्याने फुटलेल्या टायरकडे बघितलं, मग रस्त्यावर पडलेल्या चाकाकडे.

"एकच फुटलाय ना?"

 मेव्हणा रस्त्यावर उताणा झाला, गाडीखाली सरकला, आतल्या चाकावर हात दाबून बघितला. बराच वेळ तो बाहेर आला नाही. आला तेव्हा पाठीला खडी चिकटलेली होती, ती त्याने झटकलीही नाही.

"बोल्ट घुसलाय," तो म्हणाला. "बोटभर लांब. गंजलाय. आजचा नाही."

"तुझ्या पडद्यावर दिसलं नाही काही?"

"पडदा रस्ता दाखवायला आहे, भाऊजी. त्यात चाकांचं काही येत नाही. चाकांना तुम्ही आहात, म्हणून मी कधी..."

तो जाऊन जॅक घेऊन आला.

दोघांनी काम सुरू केलं. एक नट वस्तादाने सैल करायचा, एक मेव्हण्याने. या कामात त्यांना बोलावं लागत नसे, आणि एरवी तरी मेव्हण्याच्या तोंडाला खंड नसे. त्याची बडबड, ताईची नक्कल, मालकांची नक्कल. आज पान्याचा आवाज तेवढा होता. जळक्या रबराचा वास नाकात बसला होता. वस्तादाने दोनदा तोंड उघडलं. मला आवाज आला होता, एवढे चार शब्द. दोन्ही वेळा तो पुढच्या नटाकडे वळला.

शेवटचे नट आवळत असताना मालकांचा फोन आला; जाता जाता एका ओळखीच्या ड्रायव्हरने त्यांना टायर फुटल्याचं कळवलं होतं. मेव्हण्याचे हात काळे होते. त्याने फोन पायरीवर ठेवून कोपराने चालू केला.

"काय झालं रे? नवे टायर फुटतात कसे?" मालकांचा आवाज रस्त्यावरही मोठा वाटला. "सकाळी फेरी झाली नव्हती?"

वस्ताद पाना हातात धरून उकिडवा बसून राहिला. आता बोलेल. बोलू दे. सुटेन तरी एकदाचा.

"नाही झाली, मालक," मेव्हणा म्हणाला. "घाई झाली. चूक माझी आहे."

"वस्ताद काय करत होते?"

"ते मागे होते. तेच मदत करतायत."

मालक आणखी काही बोलले. मेव्हणा हो हो म्हणत राहिला. फोन बंद झाल्यावर त्याने पाना परत घेतला.

"अरे, ऐक," वस्ताद म्हणाला.

"ताईला काही सांगू नका, भाऊजी. उगाच..." तो नटाकडे बघत म्हणाला. "तिला दोघांचीही काळजी असते."

जॅक उतरला. गाडी चारही बाजूंनी सारखी उभी राहिली. मग वस्तादाने आपली टॉमी आणली आणि फेरी मारली. अशी फेरी त्याने आयुष्यात मारली नव्हती. प्रत्येक चाकावर दोनदा, आतल्यावर वाकून तीनदा, कान लावून. टण्ण. टण्ण. सगळी चाकं कडक वाजत होती.

"सगळं ठीक आहे," तो म्हणाला. या वेळी ते शब्द त्याने मुद्दाम पुरते उच्चारले. "मी बघितलंय."

"बरं," मेव्हणा म्हणाला.

वस्ताद आपल्या केबिनमध्ये चढला, पोत्यावर बसला, गाडी चालू केली. पुढची गाडी हलायची तो वाट बघत राहिला. ती हलली नाही. दार उघडलं आणि मेव्हणा खाली उतरला. हातात टॉमी होती, नव्या गाडीबरोबर आलेली, रंगही न उडालेली. पुढच्या चाकापासून त्याने सुरुवात केली. एकेक चाक ठोकत, वाकून ऐकत, तो अख्ख्या गाडीभोवती फिरला.

वस्तादाने इंजिन बंद केलं. दुसरं काय करणार होता?

फेरी संपवून मेव्हणा आपल्या गाडीत चढला नाही. तो मागे चालत आला आणि वस्तादाच्या गाडीची चाकं ठोकायला लागला. उजवी बाजू झाली. मागून वळून तो डावीकडे गेला, दिसेनासा झाला. वस्ताद आवाज मोजत बसला. टण्ण. टण्ण. मग भद्द.

थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदा, तसाच भद्द. सकाळी आपण आपल्या गाडीभोवती फिरलोच नाही, हे वस्तादाला तेव्हा आठवलं. आणि त्याची स्टेपनी आता पुढच्या गाडीला लागलेली होती.

मेव्हणा खिडकीखाली येऊन उभा राहिला. वर बघून म्हणाला,

"मागचं डावं, आतलं. हवा कमी आहे, भाऊजी. उताराखाली पंप आहे, तिथे बघून घेऊ. हळू चालवा. मी पुढे हळूच जातो."