चढलेली दोरी

मी एक धनुष्य आहे आणि सध्या फ्रीजच्या शेजारी राहतो. हसू नका. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात पाच फूट लांबीच्या मला याहून बरी जागा कुठे मिळणार? भिंतीत दोन खुंट्या, वर विजेचा मीटर, खाली चपलांचं कपाट. माझी तक्रार नाही.

मी बांबूचा. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने आधी दोन वर्षं मला नुसतं माळ्यावर वाळत ठेवलं. गिऱ्हाईक घाई करू लागलं की तो म्हणायचा, "ओल्या बांबूचं हवं असेल तर पलीकडच्या गल्लीत छत्रीवाला बसतो, त्याला विचारा." मग त्याने मला तासलं, सरस लावून पट्ट्या जोडल्या, वर सूत आवळलं. ज्या गृहस्थांनी मला घेतलं, त्यांना त्याने दोनच गोष्टी बजावल्या. बाण लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही. आणि सराव झाला की दोरी उतरवायचीच, कारण चढलेल्या दोरीने धनुष्य सतत वाकलेलं राहतं आणि हळूहळू त्यातला जोर जातो.

त्या गृहस्थांनी ते पाळलं आणि आपल्या मुलीलाही शिकवलं. ती लग्न होऊन या शहरात आली, तेव्हा कपड्यांच्या ट्रंकेबरोबर मीही आलो.

ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नमुने घ्यायची. पेशंट तिला सुईबाई म्हणत. ज्याची शीर कोणाला सापडत नसे, त्याला तिच्याकडे पाठवत. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. दोघांची कामं बारीक नजरेची, पण धनुष्यात त्याला रस नव्हता. विरोधही नव्हता.

शहरात मैदान कुठलं? तिने घरातच वाट काढली. निजायच्या खोलीच्या खिडकीपासून बोळातून थेट स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपर्यंत चौदा पावलं भरत. त्या भिंतीला तिने जुन्या कपड्यांनी ठासून भरलेली गोणी टांगली. रोज सकाळी कामावर जाण्याआधी एकवीस बाण. पाहुणे असोत, अंगात ताप असो, एकवीस म्हणजे एकवीस.

अडचण एकच होती. बाथरूमचं दार बोळात उघडायचं.

"अगं, बाहेर येऊ का?" आतून आवाज यायचा.

"थांबा. सहा राहिलेत."

"माझं झालंय कधीचं."

"मग पेपर वाचा."

तो खरंच पेपर घेऊनच आत जाऊ लागला. सव्वीस वर्षं त्याने माझी सेवा अशी बंद दारामागून ऐकली. मधल्या काळात मुलगी झाली, तीही दहावीपर्यंत माझ्यावर शिकली. मग पोहायची आवड लागली आणि दुसऱ्या शहरात एका तलावावर ती शिकवायला गेली.

त्या सकाळी नऊ बाण झाले होते आणि लॅबमधून फोन आला. कोणीतरी रजेवर होतं, लवकर बोलावलं होतं. तिने मला खुंटीवर ठेवलं. एरवी न चुकणारी बाई, त्या दिवशी जाता जाता म्हणाली, "अहो, दोरी असू दे तशीच. संध्याकाळी बघते."

दुपारी लॅबमध्येच तिचं हृदय थांबलं.

यापुढचं मी फार सांगणार नाही. घरात माणसं आली, गेली. कोणीतरी गोणी काढून गच्चीवर नेऊन ठेवली. बोळ मोकळा झाला. तो आता हवं तेव्हा बाथरूममधून बाहेर येऊ शकत होता, तरी दार उघडण्याआधी क्षणभर थांबायचा.

माझी दोरी चढलेलीच होती. तो रोज माझ्यासमोर उभा राहायचा. वरच्या खाचेत बसलेला दोरीचा फास तिच्या हाताने बसवलेला होता. त्याला तो बोट लावून बघायचा, सोडवायचा नाही. आठवडे गेले, महिने गेले. मी वाकून होतो. बांबूची एकेक शीर आपली जागा सोडत होती. मला ओरडता येत नाही. ओरडता आलं असतं तरी त्या माणसावर कसा ओरडणार होतो?

एक दिवस खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर वर आले.

"चष्मेवाले, एक विचारू? ते धप्प धप्प पुन्हा सुरू नाही का व्हायचं?"

"तुम्हाला त्रास व्हायचा ना? दोनदा सोसायटीकडे तक्रार केलीत."

"तीनदा," मास्तर म्हणाले. "पण आता सकाळची गोळी घ्यायची राहते."

मास्तर चहा न घेताच खाली गेले.

चौथ्या महिन्यात मुलगी चार दिवसांची रजा काढून आली. आल्या आल्या तिने मला खाली घेतलं, गच्चीवरून गोणी आणून टांगली, बाण लावला आणि ओढला. अर्ध्यातच तिच्या कपाळाला आठी पडली. तिने बाण न सोडता दोरी सावकाश पुन्हा जागेवर आणली.

"बाबा, हे मऊ पडलंय. दोरी कोणी उतरवली नाही?"

"तिनं चढवलीये ती."

"माहीतेय. उतरवायला हवी."

"हात लावू नकोस."

"आणखी दोन महिन्यांत बाण गोणीपर्यंतही जायचा नाही. आजोबांपासून चाललेला सराव आहे हा. मी मोडू देणार नाही."

"तू चार दिवसांनी जाशील," तो म्हणाला. "मला हे बघत राहायचंय."

तिने मला खुंटीवर ठेवलं. दोघं चहाला बसली. ती म्हणाली, "दुकानात कोणी चष्मा डोक्यावर चढवून आलं, की तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणतो?"

"दांड्या फाकतात, मग नाकावर टिकत नाही. नको असेल तेव्हा काढून डबीत ठेवा."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

तो उठला. दोन्ही कप उचलून विसळायला गेला. विसळायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच मला खाली काढलं. मुलीसमोर धरून म्हणाला, "कशी उतरवतात?"

"तुम्ही सव्वीस वर्षं बघितलं नाहीत?"

"मी बाथरूममध्ये असायचो."

ती हसली. मोठ्याने, पोट धरून हसली. मग मोरीत जाऊन नळ सोडून कितीतरी वेळ तोंड धूत राहिली.

परत आल्यावर तिने शिकवलं. खालचं टोक डाव्या घोट्यापाशी, उजवा पाय दोरीच्या आतून, मांडीने मला दाबायचं आणि फास सरकवायचा. पहिल्यांदा त्याचा हात सटकला आणि मी त्याच्या नडगीवर चांगलाच बसलो. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्याने ओठ घट्ट मिटले, मला वाकवलं आणि फास खाचेतून निघाला.

चार महिन्यांनी मी सुटलो. पण सरळ झालो नाही.

त्याने दुकानातली पट्टी आणून मोजलं. चार बोटं वाक राहिला होता. "हा जाईल?"

"थोडा जाईल. सगळा नाही." मुलगी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. "आईचा जोर आता यात नाही, बाबा. नवशिक्यालाच चालेल."

"मग शिकव."

"कोणाला?"

"मला. दुसरं कोण आहे इथं?"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. वय चौपन्न, हात काचा घासणारे, खांदे पुढे आलेले. "महिनाभर नुसतं उभं राहायला लागेल. बाण मिळणार नाही."

"चालेल."

ती गेली. रोज सकाळी ती फोन समोर उभा करायला सांगायची आणि तिकडून ओरडायची, "कोपर वर. श्वास कुठे गेला?" महिनाभर तो नुसता उभा राहिला. नंतर दोरी लागून दंडाखाली निळंकाळं झालं. गिऱ्हाईक विचारायचं, तर तो म्हणायचा, "शिकतोय." काय शिकतोय ते सांगायचा नाही. त्याचा पहिला बाण स्वयंपाकघराच्या चौकटीत घुसला, दुसरा पिठाच्या डब्यात. बाण सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात गोणी लागली. त्याने बाण उपसला, परत चौदा पावलं मागे आला आणि पुन्हा उभा राहिला.

आता मी असा आहे. वाक तीन बोटांवर आलाय, त्याहून कमी होणार नाही. दोरी नवी आहे, त्याने स्वतः वळलेली, थोडी ओबडधोबड. बाण रोजचे अकरा होतात. त्याला एकवीसपर्यंत जायचंय आणि मला त्याला तिथवर न्यायचंय. माझ्यात तेवढं नक्की उरलंय.

तुमच्याही घरात कोणाच्या हातचं काही असेल, तर एक मागणं आहे. ते जसंच्या तसं ठेवून देऊ नका. हातात घ्या, चुका करा, त्यावर ओरखडे उमटू द्या. आणि काम झालं की ताण उतरवा. उतरवलेली दोरी सकाळी पुन्हा चढवता येते, एवढं मी अनुभवाने सांगतो.

आजचे अकरा झाले. तो घाम पुसतोय. दुकान उघडायला उशीर झालाय, तरी तो घाई करत नाही. मला मांडीवर घेतो, दाबतो, फास अलगद काढतो. खुंटीवर ठेवताना म्हणतो, "चला. उद्या."