खालची काच

"मावशी, पाय जरा वर घ्या."

"काही पडलंय का तुमचं?" खिडकीशी बसलेल्या बाईंनी विचारलं.

चाक शोधतोय, असं खरं सांगितलं असतं तर विमानात हलकल्लोळ माजला असता. कॅप्टनच्या हाताखाली काम करणारा धाकटा नुसता हसला आणि गुडघे टेकून वाटेतला गालिचा गुंडाळू लागला.

विमान उतरायला आलं होतं. चाकं खाली सोडली, दोन दिवे लागले, तिसरा काही लागेना. दिवाच गेलाय की चाक अडकलंय, हे सांगणार होती गालिच्याखाली तळात बसवलेली वाटीएवढी काच. तिच्यातून चाकाच्या दांड्यावरच्या दोन लाल रेघा दिसत. त्या एका ओळीत आल्या की चाक पक्कं बसलं. नाहीतर टेकताच विमान त्या कुशीवर कोसळणार.

काच बाहेरून ग्रीसने काळीकुट्ट झाली होती.

पूर्वी असं कधी झालं नव्हतं. त्याचा थोरला भाऊ या विमानाचा मेकॅनिक होता; त्याच्यामुळेच सगळे याला धाकटा म्हणत. निघण्याआधी दादा विमानाच्या पोटाखाली शिरून काच पुसायचा आणि दोनदा टकटक करायचा. धाकट्याने वरून एकदा वाजवलं की खालून आवाज यायचा, "चल, सुखरूप ये." दादा उन्हाळ्यात गेला. त्याची बाकीची कामं दुसऱ्यांनी उचलली. काच कुणाच्या लक्षातच आली नाही.

"दिसतंय का रे काही?" कॅप्टन एका कानावरच्या हेडफोनमधून ओरडले. "इंधन संपत आलंय!"

तेवढ्यात काचेखाली टकटक झाली. दोनदा.

धाकटा काचेवर वाकला. वाऱ्याने काहीतरी आपटलं म्हणावं, तर काचेवरचं ग्रीस हलत होतं. डावखुऱ्या माणसाने फडकं फिरवावं तसं गोल गोल बाजूला सरत होतं. दादा डावखुरा होता. बटणाएवढी जागा मोकळी झाली. पलीकडे दोन लाल रेघा, एका ओळीत.

"बसलंय चाक! उतरवा!"

विमान अलगद टेकलं. जाताना मावशींनी विचारलं, "सापडलं का हो?"

"सापडलं."

सगळे गेल्यावर तो पोटाखाली शिरला. काच तशीच काळी होती. वाळलेल्या ग्रीसवर बोटाचा ओरखडासुद्धा नव्हता. फडकं हातात धरून तो तिथेच बसला आणि ढसाढसा रडला. दादा गेल्यापासून तो आज पहिल्यांदा रडत होता.

मग त्याने काच लख्ख पुसली. आणि त्याला आठवलं, मघाशी घाईत उत्तर द्यायचंच राहिलं.

तो वर गेला. रिकाम्या विमानात गुडघे टेकून त्याने काचेवर एकदा टकटक केली. खाली चाकाचा दांडा आणि मोकळी जमीन, एवढंच दिसत होतं. तो बराच वेळ कान देऊन बसला.

शेवटी त्याने गालिचा सरळ केला आणि काचेवर पाय पडणार नाही असा, कडेकडेने बाहेर पडला.