तळघराची किल्ली

आमच्या शेजारच्या अर्धवट इमारतीत डास तुम्ही पाळलेत, साहेब. बांधकाम बेकायदा म्हणून फाटकाला कुलूप घातलंत, त्यावर लाखेचा शिक्का मारलात आणि पाठ फिरवलीत. तेव्हापासून तळघरात पाणी तुंबलंय.

मी शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. मी शिवतो, बायको काज-बटण करते. गेल्या वर्षी तिला डेंग्यू झाला. त्यातून उठली, पण डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा झाला तर जड जाईल, जपा. आम्ही जपलं. खिडक्यांना जाळ्या मीच शिवल्या. पिंपं दर आठवड्याला घासून कोरडी केली. हा डास दिवसाढवळ्या चावतो, तोही टेबलाखाली, घोट्याला. म्हणून ती भर उकाड्यात माझे मोजे घालून बसायची.

"मोजे दिलेत, आता मिशापण द्या," म्हणायची.

तळघरात सोडायला मी गप्पी मासे आणले. ते डासांच्या अळ्या खातात. शिक्का तोडला तर गुन्हा, म्हणून माशांची पिशवी भिंतीवरून फेकली. ती अडकली वर आलेल्या सळईला. हातभर खाली पाणी, आणि मासे वर लटकलेले.

"अहो, नेम तरी धरायचा," ती हसली. पिशवी ठिबकत ठिबकत रिकामी झाली, ते आमच्या जाळीतून स्पष्ट दिसत होतं.

शेवटी ती तापलीच. आता दवाखान्यात आहे. पोट दुखतंय, हिरड्यांतून रक्त येतंय, प्लेटलेट घसरताहेत.

परवा तिचे कपडे न्यायला घरी आलो, तर तुमचा तपासनीस दारात उभा. बॅटरी मारून त्याने फ्रिजमागचा ट्रे पाहिला, पिंपात डोकावला, कुंडी उचलली. काही सापडेना तसा हिरमुसला.

"काका, घर तर चकाचक आहे. मग ताप आला कुठून?"

मी त्याला खिडकीशी नेलं. तळघर दाखवलं, सळईवरची पिशवी दाखवली.

"ते आमच्याकडे येत नाही. कुलूप दुसऱ्या खात्याचं."

"मग त्यांना सांगा."

"मी कोण सांगणारा? मी अळ्या बघतो."

"अळ्या तिथेच आहेत."

"आत जाता आलं तर बघीन की."

जाताना त्याने एक पत्रक चिकटवलं. कुठे? तुमच्याच फाटकावर, तुमच्याच शिक्क्याशेजारी. 'पाणी साचू देऊ नका.'

मी त्या दुसऱ्या खात्यात गेलो. ते म्हणाले, किल्ली वर आहे. वर गेलो. वरचे म्हणाले, खालीच असेल, नीट विचारा.

आज सकाळी डोळे न उघडता तिने मला विचारलं, "उघडलं का हो?" मी पांघरूण सारखं करत बसलो.

संध्याकाळी ती पुन्हा विचारणार आहे. किल्ली तुमच्यापैकी कोणाकडे आहे? नाव सांगा.