दुमडलेलं पान

कावळा येत नव्हता. सुमनचं वर्षश्राद्ध होतं. परसातल्या दगडावर केळीच्या पानात वडे, खीर आणि भोपळ्याची भाजी ठेवून बराच वेळ झाला होता. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवणार नव्हतं.

मुलगा ओंकार हात जोडून म्हणाला, “आये, घराचं काम पुरं करतो.” फणसावरचे कावळे हलले नाहीत.

“तिचा जीव कशात हाय ते ठाव हाय मला,” ठमाबाई म्हणाली. ती सुमनच्या नवऱ्याची, काशीरामची, थोरली बहीण. “ह्याच्या पायात.”

काशीरामच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. रक्तातली साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं महाडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सून रेश्माने घरात साखर आणणंच बंद केलं, स्वतःही बिनसाखरेचा चहा घेऊ लागली. साखर उतरेना. तिने गोळ्या बदलल्या, मग डॉक्टर बदलला. काशीराम दर वेळी मान हलवत होता. जखमेची पट्टी बदलायला पोलादपूरला गेला की तो स्टँडजवळच्या बेकरीत बसायचा. एक क्रीमरोल संपला की दुसरा मागायचा. सुमन गेल्यापासून दुपारच्या रिकाम्या घरात परतायला त्याला नको वाटायचं. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

रेश्मा पुढे झाली. “आई, बाबांच्या तोंडाला मी गोड लागू देत नाही. त्यांचा पाय बरा करीन. तुम्ही जेवा.”

तरीही कावळा आला नाही.

“बाजूला व्हा सगळी. माणसं बघून बुजतात ते,” ठमाबाई म्हणाली. “काशा, तू बस दाराशी. शिवला की हाक मार.”

सगळे आत गेले. काशीराम लंगडत दगडापाशी गेला. भूक नव्हती. खीर सुमन करायची तशीच, गुळाची आणि नारळाच्या दुधाची होती. त्याने एक बोट चाटलं. मग वडा खिरीत बुडवला. घराकडे पाठ करून, उभ्याउभ्या, त्याने सगळं संपवलं. दाराशी परत येऊन बसला आणि हाक मारली, “शिवला!”

सगळे धावत आले. ओंकारने जोडलेले हात कपाळाला टेकवले. रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. “ऐकलं आईंनी. आता साखर उतरेल बाबा, बघा तुम्ही.”

काशीरामने मान खाली घातली.

ओंकार पान उचलायला गेला आणि थांबला. पान मधोमध दुमडलेलं होतं. जेवून उठताना माणूस स्वतःच्या बाजूला दुमडतो तसं.

“आत्या, कावळा पान दुमडतो?”

“मुंबैचा असंल,” ठमाबाई म्हणाली. मग तिने भावाकडे पाहिलं. “काशा, मिशी पूस.”

कोणी हसलं नाही. रेश्माने हळू आवाजात विचारलं, “आजच, की...?”

“पोलादपूरला पण. बेकरीत,” काशीराम म्हणाला.

“म्हणजे गोळ्या बरोबर होत्या,” ती म्हणाली. “त्या डॉक्टरांना मी काय काय बोलले.”

तिने आतून नवं पान वाढून आणलं आणि त्याच्या हातात दिलं. “मी आता आईंशी नाही बोलणार. तुम्ही बोला.”

काशीरामने पान दगडावर ठेवलं. मागे सगळे उभे होते.

“सुमे, मीच खाल्लं गो. भूक नव्हती मला. दुपारचं घरात...”

फणसावरून कावळा उतरला, वडा चोचीत धरून उडाला.

“झालं. चला, पोरं भुकेली हायत,” ठमाबाई म्हणाली आणि सगळे आत वळले. त्याचं पुढचं बोलणं तोंडातच राहिलं.

पंगतीत रेश्माने त्याच्या पानावर भाकरी आणि दुधीची भाजी वाढली. शेजारच्या पानांवर खीर होती. त्याने मान वर न करता जेवण संपवलं. पान दुमडायला हात नेला आणि तसाच मागे घेतला.