चाकाची सुलट बाजू

शिंपीमास्तरांना जगातली बरीच कोडी सुटत, फक्त ती कापडाची असावी लागत. गाडीचा मागचा टायर बसला तेव्हा साडेदहा वाजले होते. सीटवर हँगरला नवरदेवाचा कोट होता, आणि तो अंगात घालून नवरदेवाला अकरा वाजता विवाह नोंदणीच्या कचेरीत सही करायची होती. नवरदेव म्हणजे बायकोचा सख्खा भाचा. कोट कालच द्यायचा होता, पण मास्तरांनी एक बाही तीनदा उसवली. उशीर त्यांच्या कामात अस्तरासारखा असे; वरून दिसत नसे, पण असे.

रस्त्याच्या कडेला सपाट जागा होती. मास्तरांनी हँडब्रेक ओढला आणि पुढच्या चाकाला दगड अडकवला. दुकानातली काज-बटणं तीस वर्षं एकहाती सांभाळणारी बायको खाली उतरून गाडीचं पुस्तक वाचू लागली.

"नट आधी जमिनीवरच सैल करा, मग जॅक लावा, म्हणतंय."

"आधी उचलायची ना गाडी?"

"हवेत चाक पान्ह्याबरोबर गरगरेल. पुस्तकवाल्याला तुमच्याहून थोडं जास्त कळतं, असं धरून चला."

मास्तरांनी धरून चालायचं ठरवलं. नट सैल झाले, गाडी उचलली गेली, बसलेलं चाक निघालं. इथवर सगळं पुस्तकाबरहुकूम होतं. मग डिकीतून स्टेपनी आली आणि मास्तर थबकले. चाकाला बाजू दोन. एक चकचकीत, एक मळकी. चाळीस वर्षांच्या हाताला एकच ठाऊक होतं: शिवताना कापडाची चांगली बाजू आत ठेवून जोडायचं. त्यांनी चकचकीत बाजू आत घातली.

नट दोन आटे चढले आणि अडले. चाक डुगडुगत राहिलं. मास्तरांनी ते काढून पुन्हा तसंच बसवलं. नट तेच, भोकं तीच, माप तेच. मग नडतंय काय? इतका गोंधळ त्यांनी आजवर फक्त गिऱ्हाइकांच्या तोंडावर पाहिला होता.

फोन वाजला. बायको भाच्याला म्हणाली, "निघालोच रे, राजा," आणि फोन ठेवला.

"दहा मिनिटांचा तर रस्ता," मास्तर कपाळ पुसत म्हणाले. कपाळ काळं झालं. "कच्चा टाका समजू. हळू नेतो."

"कच्च्या टाक्यावर कधी कपडा घरी धाडलात?"

"ट्रायलला घालतोच की."

"मग ट्रायलला तुम्ही एकटे जा. मी आणि कोट इथेच थांबतो."

एवढं बोलून ती हरवलेलं बटण शोधावं तशी उरलेल्या तिन्ही चाकांभोवती वाकून फिरून आली.

"अहो, हवा भरायचं तोंड सगळ्यांना बाहेर आहे. तुमच्या चाकाचं कुठंय?"

मास्तरांनी चाकामागे हात घालून चाचपलं. तोंड आत होतं.

"चांगली बाजू मळेल म्हणून..." ते पुटपुटले.

"चाक मळण्यासाठीच असतं. फिरवा!"

चाक फिरवलं तसे नट मुकाट आत गेले. मास्तर वरून ओळीनं आवळू लागताच ती ओरडली, "कोटाची बटणं नाहीत ती! समोरासमोरचे घ्या, सारखं बसेल." गाडी खाली आली, नट पुन्हा एकदा कचकचून आवळले गेले.

ते पोचले तेव्हा अकरा वीस झाले होते. पायरीवर नवरदेव बापाच्या कोटात उभा होता. बाह्या बोटांच्या टोकापर्यंत.

"काका, सही करायला हातच सापडेना! साहेब म्हणाले, पाच मिनिटं थांबतो."

मास्तरांनी त्याला नवा कोट घातला, आणि बाही ओढताना त्यांना दिसलं. आपला काळा अंगठा नेमका कोटावर उमटला होता.

"अगं, डाग!" ते बायकोच्या कानाशी लागले.

"कुठे?"

"आत. अस्तरावर."

"मग राहू दे," भाच्याचं बटण लावत ती म्हणाली. "आज एकदा तरी आत-बाहेर बरोबर ओळखलंत."