गतीनाथ महाराज आणि लालीचे ब्रेक

इथे आखातात, अब्बासियातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गुरुवारी संध्याकाळी निम्मा महाराष्ट्र जमला होता. मधोमध लाली. लाली म्हणजे बाबांची जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार. वय बाबांएवढं, नखरे त्यांच्यापेक्षा जास्त. गाडी न्यूट्रलमध्ये होती. हँडब्रेकही काढलेला होता; काढलाय ना, हे प्रत्येक काकांनी स्वतंत्रपणे विचारून झालं होतं. तरी चार जण ढकलत होते आणि ती तसूभर हलत नव्हती. किल्ली चालू होती, पण आत कोणीच नव्हतं. ब्रेकवर कोणाचा पाय नाही, तरी मागचे दोन्ही ब्रेकलाइट लालभडक पेटलेले!

"तेज!" गतीनाथ महाराज म्हणाले. "शनी डोळे वटारतोय."

लोकांनी हात जोडले. काहींनी आधी व्हिडिओ काढला आणि मग हात जोडले.

महाराज पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आले होते आणि सदानंदकाकांकडे उतरले होते. दसऱ्याच्या वाहनपूजेला त्यांनी स्वतः डॅशबोर्डखाली हात घालून लालीत गतियंत्र बसवलं. लाल फडक्यात गुंडाळलेली तांब्याची जाड पट्टी. "उघडून बघाल तर गती उलटेल," अशी तंबी दिली. तेव्हापासून लाली थोडी फिरली की चाकं तापायची आणि ब्रेक धरून बसायची. मग महाराज यायचे, भरपूर वेळ मंत्र म्हणायचे, चाकांवर कूलरमधलं गारेगार तीर्थ शिंपडायचे. फस्स करून वाफ निघायची. हळूहळू दिवे विझायचे, गाडी सुटायची, टाळ्या पडायच्या.

"यंत्र आहे म्हणून एवढ्यावर निभावलं," आई म्हणायची. सगळे माना डोलवायचे.

हे सगळं मी गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण मागच्या खेपेला महाराजांनी विचारलं, "या गाडीत कन्या बसते?"

"बसते की. आमची ज्ञानदा," बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"तिची दृष्टी जड आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत बसवू नका."

दोन वर्षं दर शुक्रवारी मी बाबांबरोबर सुलैबियाला, मुनव्वरचाचांच्या गॅरेजमध्ये लाली दुरुस्त करत होते. तिचा एकेक नट मी घासलाय. उद्या जुन्या गाड्यांची खैरानला फेरी होती आणि बाबांच्या शेजारी नकाशा घेऊन मी बसणार होते. आता तिथे सदानंदकाका बसणार होते. काकांना नकाशा म्हणजे फोनमधली बाई.

"आज दोष तीव्र आहे," महाराज माझ्याकडे बघून म्हणाले. "कन्या जवळच उभी आहे."

"बाबा," मी म्हटलं, "प्लांटमध्ये व्हॉल्व्ह अडकला तर तुम्ही आधी काय विचारता?"

"ज्ञानू, आत्ता नको गं."

"काय विचारता?"

"शेवटचा बदल काय झाला, ते."

"मग लालीत शेवटचा बदल काय झाला? अडायला लागण्याच्या आधी?"

बाबा पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनियर आहेत. तिकडे ते 'का, का' विचारून लोकांना रडकुंडीला आणतात. घरी एकदाही विचारलं नव्हतं.

"यंत्र," ते हळूच म्हणाले.

"महाराज, आज मंत्र नको, तीर्थ नको," मी म्हटलं. "चाकं गरम आहेत तोवरच सोडवते."

"हात लावू नकोस! भस्म होशील!"

"चालेल. ड्रेस जुनाच आहे."

मी डोकं खाली, पाय दाराबाहेर अशी आत शिरले. मोबाइलचा टॉर्च लावला. ब्रेकचं पेडल वर येऊन जिथे टेकतं, नेमकी त्याच फटीत पट्टी ठोकून बसवलेली होती. पेडल पूर्ण वर येतच नव्हतं. मी हाताने ते जरा दाबलं आणि पट्टी ओढली.

टक्!

दिवे विझले. लाली निघाली. चारही काका अजून जोर लावूनच उभे होते, ते तिच्या मागोमाग धावत गेले. बाबांनी उडी मारून हँडब्रेक ओढला.

"यंत्राचं कार्य पूर्ण झालं, म्हणून ते बाहेर आलं," महाराज म्हणाले.

"मग परत आत घालू?"

घातलं. बाबा दोन गल्ल्या फिरून आले, लाली दारात येऊन अडली. काढलं, सुटली. पुन्हा फिरून आले, काही नाही.

"कार्य पुन्हा अपूर्ण झालं होतं वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं.

मग मी सांगितलं. पेडल पूर्ण वर आलं नाही की ब्रेक ऑइलची परतीची वाट बंद राहते. गाडी चालते, ऑइल तापतं, फुगतं, पण जाणार कुठे? ते ब्रेकच दाबून धरतं आणि त्याच दाबाने मागचे दिवे पेटतात. गार झालं की आकसतं, ब्रेक सुटतात. मंत्राला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच लालीला गार व्हायला लागायचा. तीर्थाने थोडी घाई व्हायची, इतकंच.

सदानंदकाका स्वतःच्या गाडीकडे गेले. डॅशबोर्डखाली वाकले, कण्हले आणि लाल फडक्यातली तसलीच पट्टी घेऊन आले.

"महाराज, माझी गाडीसुद्धा तापली की अडायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, माझंच पाप."

महाराजांना एकदम विमानाची वेळ आठवली. ते टॅक्सीने गेले. टॅक्सीत यंत्र नव्हतं, ती लगेच निघाली.

पूजा करा, झेंडूच्या माळा घाला, पेढे वाटा. पेढ्यांना माझी कधीच हरकत नाही. पण काही अडलं तर कोणाची पत्रिका काढण्याआधी खाली वाकून बघा. आणि कोणी 'उघडून बघू नका' म्हणालं, तर सगळ्यात आधी तेच उघडा. घरातल्या मुलीवर खापर फोडण्यापेक्षा टॉर्च लावणं सोपं असतं.

त्या रात्री आम्ही ब्रेक ऑइल बदललं. सकाळी सदानंदकाका पाण्याची बाटली घेऊन खाली आले, तेव्हा बाबा शेजारच्या सीटवरची धूळ पुसत होते.

"सदानंद, तू मागच्या गाडीतून ये," बाबा म्हणाले आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. "बस, ज्ञानू. रस्ता सांग."